दुभंगलेली राष्ट्रे आणि ख्रिस्ती मंडळ्यांचे शांतिकार्य



ज्या विषयावर मला बोलावयास सांगितले आहे, त्यात ‘शांती’ आणि ‘मानवी सुरक्षा’ हे दोन शब्द शेजारी शेजारी आलेले आहेत. मी व्यवसायाने अनुवादक आहे; धर्मशास्त्राचा किंवा राजनीतीचा अभ्यासक नव्हे. कोणताही विषय हाती आला, की प्रथम त्यातील शब्द पारखून घ्यावेत, ही आमच्या व्यवसायाची सवय. ‘सुरक्षा’ हा शब्द आपण रोज ऐकतो. पण तो बहुधा सीमेच्या, सैन्याच्या किंवा सरकारच्या संदर्भात. त्यामुळे सुरक्षा म्हणजे आपल्या घराभोवती घातलेले कुंपण, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. मराठीत ह्याहून जुना एक शब्द आहे, तो म्हणजे ‘क्षेम’. पत्राच्या आरंभी येथील क्षेम कळवावयाचे आणि लगेच पलीकडचे क्षेम विचारावयाचे, अशी आपल्याकडे रीत होती. क्षेम ह्या शब्दात अन्न, आरोग्य, कुटुंब, निर्भयपणा हे सारे येते. आणि ते केवळ आपल्यापुरते पाहता येत नाही, हेही त्या जुन्या रीतीत गृहीत धरलेले आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशी काही राष्ट्रे होती, की जेथे सीमेपलीकडच्या सख्ख्या भावाला त्याचे क्षेम विचारणे हाच अपराध ठरला. जर्मनी आणि कोरिया ही त्यांपैकी दोन. जर्मनीची विभागणी १९९० मध्ये संपली. कोरियाची अजून संपलेली नाही. ह्या दोन्ही देशांत ख्रिस्ती मंडळ्यांनी सीमेपलीकडचे क्षेम विचारण्याचे काम केले. ते त्यांना कसे साधले, कोठे साधले नाही, आणि त्यासाठी त्यांना स्वतःशी काय झगडावे लागले, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. फाळणी अनुभवलेल्या देशातील श्रोत्यांना ही हकीकत परकी वाटणार नाही, असे मला वाटते.

प्रथम जर्मनीकडे वळू. दुसरे महायुद्ध संपल्यावर, ऑक्टोबर १९४५ मध्ये, जर्मनीतील प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या नेत्यांनी स्टुटगार्ट येथे एक निवेदन प्रसिद्ध केले. आपल्या राष्ट्राने अनेक देशांवर अपरिमित दुःख लादले, आणि त्या काळात आपण पुरेशा धैर्याने बोललो नाही, अशी कबुली त्यात होती. हे निवेदन अपुरे होते. ज्यू लोकांच्या संहाराचा त्यात स्पष्ट उल्लेखही नव्हता. उलट, जर्मनीतच अनेकांना ते नको तितके वाटले. आपली शहरे उद्ध्वस्त झालेली असताना अपराधाची भाषा कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. तरीही कालच्या शत्रुराष्ट्रांतील मंडळ्यांशी पुन्हा बोलणे सुरू झाले, ते ह्या कबुलीमुळेच.

पुढे १९४९ मध्ये दोन जर्मन राज्ये अस्तित्वात आली आणि १३ ऑगस्ट १९६१ रोजी बर्लिनमध्ये भिंत उभी राहू लागली. राज्य दुभंगले, चलन दुभंगले, सैन्ये दुभंगली. परंतु प्रॉटेस्टंट मंडळ्यांची संघटना मात्र १९६९ पर्यंत एकच राहिली. त्या वर्षी पूर्वेकडील सरकारच्या दडपणामुळे पूर्वेच्या मंडळ्यांना आपला वेगळा संघ स्थापावा लागला. संघ वेगळा झाला, तरी पश्चिमेच्या मंडळ्यांशी आपले एक विशेष नाते आहे, असे कलम त्यांनी घटनेत आवर्जून घातले. ते केवळ कागदावर राहिले नाही. पश्चिमेकडील एकेका प्रांतातील मंडळीने पूर्वेकडील एकेका मंडळीशी जोडी बांधली होती. औषधे, पुस्तके, कॉफी, इमारतींच्या दुरुस्तीचे साहित्य अशा साध्या वस्तूंबरोबर माणसांची विचारपूसही त्या वाटेने चालू राहिली.

पूर्व जर्मनीत १९६२ मध्ये सैनिकी सेवा सक्तीची झाली. ज्यांच्या विवेकाला शस्त्र धरणे मान्य नव्हते, अशा तरुणांसाठी मंडळ्यांनी सरकारकडे रदबदली केली. परिणामी १९६४ मध्ये ‘बांधकाम सैनिक’ असा एक वर्ग निर्माण झाला. ह्या तरुणांना गणवेश घालावा लागे. पण हाती बंदूक नसे, आणि खांद्यावरील पट्टीवर फावड्याचे चिन्ह असे. सोव्हिएत गटातील दुसऱ्या कोणत्याही देशात अशी सोय नव्हती. ह्या तरुणांना पुढे विद्यापीठात प्रवेश मिळणे कठीण जाई, चांगल्या नोकऱ्या मिळत नसत. तरीही त्यांच्यामधूनच पुढच्या पंचवीस वर्षांतील शांतता चळवळीचे अनेक कार्यकर्ते निघाले.

१९८० मध्ये सॅक्सनीतील एक युवक-पाळक, हाराल्ड ब्रेटश्नायडर, ह्यांनी तलवारीचा नांगराचा फाळ घडविणाऱ्या लोहाराचे चित्र असलेली एक पट्टी तयार करविली. तलवारींचे फाळ होण्याची कल्पना जुन्या करारातील मीखा संदेष्ट्याची. परंतु चित्रातील लोहार हा सोव्हिएत शिल्पकाराने घडविलेल्या आणि सोव्हिएत सरकारने १९५९ मध्ये संयुक्त राष्ट्रांना भेट दिलेल्या पुतळ्याचा होता. कागदावर छापावयाचे तर परवाना हवा. कापडावर छापणे मात्र वस्त्रप्रक्रियेत मोडत असल्यामुळे त्याला परवाना लागत नसे. म्हणून ती कापडावर छापली. हजारो तरुणांनी ती जाकिटाच्या बाहीवर शिवली. मग तिच्यावर बंदी आली. पोलिसांनी पट्ट्या काढावयास लावल्या, तेव्हा काहींनी तेवढ्या जागी बाहीला गोल भोक ठेवले. ते भोकही पोलिसांना वाचता येत होते.

लाइपझिग येथील निकोलाय चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी सायंकाळी पाच वाजता शांतीसाठी प्रार्थना होऊ लागली. कित्येकदा तिला मोजकीच माणसे असत. क्रिस्तियान फ्यूरर हे तेथील पाळक. चर्चचे दार सर्वांना उघडे, ही त्यांची भूमिका. त्यामुळे देश सोडू इच्छिणारे, पर्यावरणाची काळजी वाहणारे, श्रद्धा नसलेले, सारेच तेथे येऊ लागले. ९ ऑक्टोबर १९८९ रोजी त्या प्रार्थनेनंतर सुमारे ७० हजार माणसे हातांत मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आली. सशस्त्र दले सज्ज होती. त्याआधी चर्चमधील जागा अडविण्यासाठी सत्ताधारी पक्षाचे शेकडो सभासद दुपारपासून बाकांवर बसविलेले होते; तेही ती प्रार्थना ऐकत राहिले. त्या रात्री गोळी सुटली नाही. बरोबर एका महिन्याने बर्लिनची भिंत उघडली.

हे सारे ऐकताना मंडळ्यांविषयी केवळ आदर वाटावा, असा माझा हेतू नाही. सीमेपलीकडे मदत पोहोचविताना हात स्वच्छ राहतातच असे नाही. १९६३ ते १९८९ ह्या काळात पूर्वेकडील ३३ हजारांहून अधिक राजकीय कैद्यांची पश्चिम जर्मन सरकारने मोबदला देऊन सुटका करविली. हा मोबदला मुख्यतः मालाच्या रूपाने गेला आणि त्याची देवघेव प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या सेवासंस्थेमार्फत गुप्तपणे होत असे. माणसे सुटली, हे खरे. परंतु माणसांना तुरुंगात घालणे हे त्या राजवटीला उत्पन्नाचे साधन झाले, हेही खरे. शिवाय १९९० नंतर गुप्त पोलिसांची दप्तरे उघडली, तेव्हा मंडळ्यांतीलही काही माणसे खबर पुरवीत होती, असे दिसून आले. ह्या गोष्टी लपविण्यात अर्थ नाही. प्रत्यक्षात शांतिकार्य कोणत्या जागी उभे राहून करावे लागते, हे त्यांच्यावरून कळते.

जर्मनी आणि कोरिया ह्यांच्यामधील एक दुवा असा, की १९८१ मध्ये सोल येथे दोन्ही देशांतील मंडळ्यांच्या प्रतिनिधींची एक विचारसभा झाली आणि तीत राष्ट्रीय विभागणीचा प्रश्न थेट चर्चेला आला. त्या काळी दक्षिण कोरियात लष्करी राजवट होती आणि पुनरेकीकरणाविषयी सरकारशिवाय कोणी बोलू नये, अशी परिस्थिती होती. १९४८ च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यानुसार उत्तरेशी परवानगीवाचून संपर्क साधणे हा गुन्हा होता. विचारसभेनंतर लवकरच दक्षिणेतील चर्चांच्या राष्ट्रीय परिषदेने ह्या प्रश्नाच्या अभ्यासासाठी समिती नेमली. परंतु कोरियातील मंडळ्यांपुढील अडचण जर्मनीतील मंडळ्यांच्या अडचणीहून फार मोठी होती, आणि तिची मुळे त्यांच्या स्वतःच्या इतिहासात होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी प्योंगयांग हे कोरियातील ख्रिस्ती धर्माचे सर्वांत मोठे केंद्र होते. ‘पूर्वेकडील यरुशलेम’ असे त्याला म्हणत. जपानी सत्तेविरुद्ध १ मार्च १९१९ रोजी जो स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला, त्यावरील ३३ सह्यांपैकी १६ ख्रिस्ती लोकांच्या होत्या. म्हणजे राष्ट्राच्या सुखदुःखाशी ही मंडळी आरंभापासून बांधलेली होती. १९४५ मध्ये जपानचा पराभव झाला आणि ३८ व्या अक्षांशावर देशाचे दोन भाग पडले. उत्तरेतील नव्या सत्तेशी तेथील ख्रिस्ती पुढाऱ्यांचा लवकरच संघर्ष झाला. अनेकांना अटक झाली, अनेकांच्या जमिनी गेल्या, आणि ख्रिस्ती कुटुंबे मोठ्या संख्येने दक्षिणेत पळून आली. सोलमधील प्रसिद्ध योंगनाक चर्च १९४५ च्या अखेरीस अशा निर्वासितांनीच स्थापन केले.

त्यानंतर २५ जून १९५० रोजी युद्ध सुरू झाले. २७ जुलै १९५३ रोजी तह न होता केवळ युद्धविराम झाला, तोपर्यंत लाखो माणसे मेली होती. आजतागायत तेथे शांततेचा करार झालेला नाही. सुमारे २५० किलोमीटर लांब आणि ४ किलोमीटर रुंद असा एक निर्मनुष्य पट्टा देशाला छेदून जातो. त्याचे नाव ‘सैन्यरहित’. पण त्याच्या दोन्ही कडांना जगातील अतिशय मोठी अशी सैन्ये समोरासमोर उभी आहेत. ह्या पट्ट्यात एकेकाळी भारतीय सैनिकही होते. मायदेशी परत जाण्यास नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा प्रश्न सोडविण्यासाठी तटस्थ राष्ट्रांचा जो आयोग १९५३ मध्ये नेमला गेला, त्याचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते. त्या कैद्यांपैकी ८८ जण दोन्ही पक्षांकडे जाण्यास तयार नव्हते. ते फेब्रुवारी १९५४ मध्ये भारतीय सैन्याबरोबर भारतात आले. मायदेशाच्या दोन्ही अर्धांत ज्यांना आपले क्षेम दिसले नाही, अशी ती माणसे होती.

उत्तरेतून आलेल्या ख्रिस्ती निर्वासितांच्या मनात साम्यवादाविषयी जो द्वेष होता, तो कोणी शिकविलेला नव्हता. त्यांनी घरे गमावली होती, पाळक गमावले होते, भाऊ गमावले होते. परंतु दुःखाचे रूपांतर हळूहळू तत्त्वज्ञानात झाले. साम्यवादी म्हणजे सैतान, असे व्यासपीठावरून सांगितले जाऊ लागले, आणि उत्तरेकडील सामान्य माणूसही त्या शब्दात ओढला गेला. उत्तरेतून आलेल्या तरुणांची ‘वायव्य युवक संघटना’ १९४८ मध्ये जेजू बेटावरील रक्तरंजित दडपशाहीत सामील झाली. तीत ख्रिस्ती तरुणही होते. जखमी माणसाच्या हातूनही जखम होऊ शकते, हे मान्य करावयास ह्या मंडळ्यांना चाळीस वर्षे लागली.

ह्या कोंडीतून पहिली वाट काढली ती बाहेरून, आणि त्यात एका भारतीयाचा वाटा मोठा आहे. जागतिक चर्च परिषदेच्या आंतरराष्ट्रीय घडामोडींविषयीच्या आयोगाचे संचालक तेव्हा केरळचे निनान कोशी हे होते. ह्या आयोगाने ऑक्टोबर १९८४ च्या अखेरीस जपानमधील तोझान्सो येथे ईशान्य आशियातील शांततेविषयी एक परिषद बोलाविली. कोरियाचा प्रश्न कोरियाच्या भूमीवर बोलता येत नव्हता, म्हणून ती जपानमध्ये. दक्षिणेचे प्रतिनिधी आले. उत्तरेच्या ख्रिस्ती महासंघाचे आले नाहीत, पण त्यांनी शुभेच्छांचा संदेश पाठविला. एवढ्या वर्षांनंतर पलीकडून आलेला तो एक कागद होता. दोन्हीकडच्या ख्रिस्ती लोकांची भेट घडवून आणण्याचा प्रयत्न करावा, असे परिषदेत ठरले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९८५ मध्ये, कोशी आणि त्यांचे सहकारी एरिख वाइनगार्टनर प्योंगयांगला जाऊन आले.

सप्टेंबर १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमधील ग्लियों ह्या गावी उत्तर आणि दक्षिण कोरियाचे ख्रिस्ती प्रतिनिधी युद्धानंतर प्रथमच एकत्र आले. दोन्हीकडे मूठभर माणसे. त्यांच्यामागे दोन सरकारांची नजर होती, हे साऱ्यांना ठाऊक होते. उत्तरेची मंडळी खरी की सरकारने उभी केलेली, असा प्रश्न दक्षिणेत अनेक जण विचारीत होते, आणि तो अवाजवी नव्हता. तरीही बैठकीच्या अखेरीस सर्वांनी मिळून प्रभुभोजन घेतले. ख्रिस्ती परंपरेत प्रभुभोजनाच्या मेजावर बसण्यापूर्वी मनातील वैर मिटवावे, अशी अपेक्षा असते. चाळीस वर्षे एकमेकांचे शत्रू म्हणविलेल्या माणसांनी एका भाकरीचे तुकडे वाटून घेतले. करारावर सही करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. एवढे मात्र त्यांच्या हाती होते, आणि ते त्यांनी केले.

ह्यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. २९ फेब्रुवारी १९८८ रोजी दक्षिणेतील चर्चांच्या राष्ट्रीय परिषदेने ‘राष्ट्रीय पुनरेकीकरण आणि शांती’ ह्या विषयावर एक घोषणापत्र स्वीकारले. त्यात मागण्या होत्या: युद्धविरामाच्या जागी शांतताकरार व्हावा, ताटातूट झालेल्या कुटुंबांना एकत्र राहता यावे, द्वीपकल्पावरून अण्वस्त्रे हलवावीत. परंतु मागण्यांच्या आधी कबुली होती. दक्षिणेच्या ख्रिस्ती लोकांनी साम्यवादविरोधाला जणू मूर्तीचे स्थान दिले आणि वेगळ्या राजवटीखाली राहणाऱ्या आपल्याच बांधवांचा द्वेष केला. हे देवाविरुद्ध आणि शेजाऱ्याविरुद्ध पाप आहे, अशा आशयाचे ते निवेदन होते. राजकीय ठराव आपण पुष्कळ पाहतो. त्यांत अपराध नेहमी पलीकडच्याचा असतो. येथे प्रथम स्वतःचे खाते उघडले होते.

दोन्ही सरकारांनी ४ जुलै १९७२ च्या संयुक्त निवेदनात तीन तत्त्वे मान्य केली होती: एकीकरण परकीयांवर न विसंबता व्हावे, शांततेने व्हावे, आणि विचारप्रणालीचे भेद ओलांडून राष्ट्रीय ऐक्य साधावे. मंडळ्यांनी त्यांत दोन तत्त्वांची भर घातली. एक, माणसाचे हित सर्वांत आधी. राज्ये किंवा प्रणाली ह्यांच्यासाठी माणसांना ताटकळत ठेवू नये. दुसरे, ह्या चर्चेत सामान्य जनतेला, विशेषतः ज्यांचा आवाज कधी ऐकला जात नाही अशांना, भाग घेता यावा. ‘मानवी सुरक्षा’ हा शब्दप्रयोग जगाच्या तोंडी झाला तो १९९४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास अहवालामुळे. त्या अहवालाची आखणी करणारे पाकिस्तानी अर्थशास्त्रज्ञ महबूब उल हक फाळणीच्या वेळी तेरा वर्षांचे होते. अन्न, आरोग्य, रोजगार, भीतीपासून मुक्तता ह्या दृष्टीने सुरक्षेचा विचार करावा, सीमेच्या आणि शस्त्रांच्याच दृष्टीने करू नये, असे त्या अहवालाचे म्हणणे. कोरियातील मंडळ्यांनी सहा वर्षे आधी जे पहिले तत्त्व लिहिले, त्यात हाच विचार बीजरूपाने दिसतो.

घोषणापत्राला विरोध झाला, आणि तो मंडळ्यांमधूनच झाला. उत्तरेतून पळून आलेल्या वृद्ध पाळकांना ते वाचून वेदना झाल्या. आमच्यावर अत्याचार झाले आणि क्षमा आम्हीच मागावयाची काय, हा त्यांचा प्रश्न. ह्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. उत्तरेत खऱ्या अर्थाने धर्मस्वातंत्र्य नव्हते, आजही नाही. ह्याविषयी मौन बाळगून केलेली शांती टिकाऊ कशी होईल, असे विचारणारे आजही आहेत. माझ्या मते घोषणापत्राने पलीकडच्यांचा अन्याय नाकारलेला नाही. पलीकडच्यांनी कबुली देईपर्यंत आपण वाट पाहत बसलो, तर दोन्हीकडचे लोक वाटच पाहत राहतील, एवढेच त्याने ओळखले. त्याच वर्षी ७ जुलै रोजी दक्षिणेच्या राष्ट्राध्यक्षांनी उत्तरेला सहोदर मानून देवाणघेवाण वाढविण्याचे धोरण जाहीर केले. ह्याचे सर्व श्रेय मंडळ्यांना देणे बरोबर होणार नाही. परंतु जे बोलणे आदल्या वर्षापर्यंत धोक्याचे होते, ते बोलण्याजोगे करण्यात त्यांचा वाटा होता.

एका अनुवादकाचा उल्लेख मला येथे केलाच पाहिजे. पाळक मून इक-ह्वान ह्यांचा जन्म १९१८ मध्ये मांचुरियातील कोरियन वसाहतीत झाला. ते जुन्या कराराचे अभ्यासक. प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक ह्यांनी मिळून बायबलचे जे कोरियन भाषांतर केले आणि जे १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यातील जुन्या कराराच्या कामाचे नेतृत्व त्यांनी अनेक वर्षे केले. दोन पंथांना मान्य होईल असा शब्द शोधणे म्हणजे काय असते, हे भाषांतर करणाऱ्यांना सांगावयास नको. देवाच्या नावासाठी दोन्ही पंथांत वेगवेगळे शब्द रूढ होते; तेथपासून तडजोड करावी लागली. १९७६ नंतर लोकशाहीच्या चळवळीसाठी त्यांनी वारंवार तुरुंगवास भोगला. मार्च १९८९ मध्ये, वयाच्या सत्तरीत, ते सरकारची परवानगी न घेता प्योंगयांगला गेले आणि किम इल-सुंग ह्यांना भेटले. परत येताच राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली त्यांना अटक झाली. ह्या भेटीचा उत्तरेने प्रचारासाठी उपयोग करून घेतला, अशी टीका त्यांच्यावर झाली. त्यांच्या धाडसाने संवादाची वाट अरुंद झाली, असे मानणारे त्यांच्या मित्रांतही होते. जानेवारी १९९४ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामाची एक बाजू मात्र फारशी बोलली जात नाही. उत्तरेच्या ख्रिस्ती महासंघाने १९८० च्या दशकात प्योंगयांगमध्ये बायबल छापले, ते मुख्यतः ह्याच संयुक्त भाषांतरावर आधारलेले होते. शुद्धलेखन आणि काही शब्द तेवढे उत्तरेच्या वळणाचे केले होते. म्हणजे सीमा ओलांडल्याबद्दल भाषांतरकाराला शिक्षा होण्याच्या आधीच त्याचे भाषांतर सीमा ओलांडून गेले होते. चाळीस वर्षांत दोन्हीकडच्या भाषेतही अंतर पडू लागले होते. अशा वेळी दोन्हीकडच्या माणसांना आपला वाटेल असा एक मजकूर असणे, हीच मोठी गोष्ट होय.

१९८८ च्या घोषणापत्रात १९९५ हे ‘योबेल वर्ष’ म्हणून पाळण्याचा संकल्प होता. जुन्या करारातील लेवीय ह्या पुस्तकात दर पन्नासाव्या वर्षी गुलामांना मुक्त करावे आणि गेलेल्या जमिनी मूळ कुळांना परत द्याव्यात, अशी योजना आहे. विभागणीला पन्नास वर्षे होतील तेव्हा देश एक व्हावा, अशी ही आकांक्षा. नोव्हेंबर १९८८ मध्ये ग्लियों येथील दुसऱ्या बैठकीत उत्तरेच्या प्रतिनिधींनीही ती मान्य केली, आणि १५ ऑगस्टपूर्वीच्या रविवारी दोन्हीकडे एकच प्रार्थना व्हावी, असे ठरले.

१९९५ साल उजाडले. देश एक झाला नाही. त्या उन्हाळ्यात उत्तरेत महापूर आले आणि आधीच खालावलेली अन्नव्यवस्था कोसळली. त्या दुष्काळात कित्येक लाख माणसे मेली. तेव्हा दक्षिणेतील मंडळ्यांनी पीठ, तांदूळ, औषधे पाठविण्यासाठी निधी उभारला. घोषणापत्राला ज्यांनी कडाडून विरोध केला होता, त्या मंडळ्यांपैकीही अनेक ह्या कामात पुढे आल्या. पाठविलेले धान्य भुकेल्यांच्या मुखात जाते की सैन्याच्या कोठारात, हा वाद तेव्हा झाला आणि आजही मिटलेला नाही. परंतु ज्यांना व्यासपीठावरून शत्रू म्हटले होते, त्यांची मुले उपाशी आहेत, ही बातमी घराघरांत पोहोचली. अपेक्षिलेले योबेल वर्ष आले नाही. आले ते हे.

पुढची हकीकत चढउतारांची आहे. जून २००० मध्ये दोन्ही नेत्यांची पहिली भेट झाली आणि ताटातूट झालेल्या कुटुंबांच्या भेटी नियमाने होऊ लागल्या. दक्षिणेत अशा भेटीसाठी १ लाख ३३ हजारांहून अधिक लोकांनी नावे नोंदविली. त्यांतील बहुसंख्य आता हयात नाहीत. शेवटची भेट ऑगस्ट २०१८ मध्ये झाली. २०१३ मध्ये जागतिक चर्च परिषदेचे अधिवेशन बुसान येथे भरले, तेव्हा बर्लिनहून एक ‘शांतिरेल्वे’ निघाली. प्योंगयांगवरून बुसानला जाण्याचा तिचा बेत होता. त्या मार्गाला अनुमती मिळाली नाही. प्रवाशांना चीनच्या सीमेवरील दानदोंगपासून बोटीने दक्षिणेत यावे लागले. २०२३ च्या अखेरीस उत्तरेच्या सत्ताधाऱ्यांनी एकीकरणाचे ध्येयच सोडून दिल्याचे जाहीर केले, आणि जानेवारी २०२४ मध्ये प्योंगयांगच्या वेशीवरील पुनरेकीकरणाची कमान पाडण्यात आली. सीमेकडे जाणारे रस्तेही त्याच वर्षी सुरुंग लावून उडविण्यात आले.

मग ह्या साऱ्या खटाटोपातून साधले काय, असा प्रश्न कोणीही विचारील. जर्मनीत भिंत पडली, म्हणून तेथील प्रार्थना सफळ आणि कोरियातील निष्फळ, असा हिशेब मला पटत नाही. जर्मनीतील भिंत केवळ लाइपझिगच्या मेणबत्त्यांनी पडली नाही. मॉस्कोतील बदल, रिकामी तिजोरी, हंगेरीने उघडलेली सीमा अशी तिची अनेक कारणे आहेत. परंतु ती पडण्याच्या वेळी रक्तपात झाला नाही, ह्यात त्या सोमवारच्या प्रार्थनांत तयार झालेल्या माणसांचा वाटा आहे. ती तयारी सात वर्षे, बहुधा रिकाम्या बाकांसमोर, चालली होती. कोरियात तो दिवस केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. येईल तेव्हा समोरच्या माणसाशी कोणत्या शब्दांत बोलावे, ह्याची तयारी मात्र तेथे काहींनी करून ठेवली आहे.

ह्या हकीकतीतून माझ्यापुरता एक बोध मी घेतला आहे, तो सांगून मी रजा घेतो. ह्या मंडळ्यांजवळ सैन्य नव्हते, सत्ता नव्हती, आणि त्यांचे स्वतःचे हातही निष्कलंक नव्हते. दुसऱ्याला दोष देण्याची सवय मोडून त्यांनी आधी आपल्या प्रार्थनेतील द्वेष शोधला. तेव्हाच त्यांना पलीकडे जाऊन, तुम्ही कसे आहात, असे विचारता आले. आपल्या शेजारीही सीमा आहेत, आणि पलीकडे आपलीच भाषा बोलणारी, आपल्याच नद्यांचे पाणी पिणारी माणसे आहेत. त्या सीमांवर सैन्ये राहतीलच; ती आज उद्या उठतील, अशा भ्रमात राहण्याचे कारण नाही. परंतु पलीकडचे क्षेम विचारण्याचे काम सैन्याचे नव्हे, आणि सरकार ते करील म्हणून थांबण्याचेही कारण नाही. ते काम मंडळ्यांचे आहे, शाळांचे आहे, लेखकांचे आणि भाषांतरकारांचे आहे.